वाचनालयासाठी दोन मिनिटे : बांधावर, काट्यावर आणि पारावर काय बोलावे?

सभासद बंधू-भगिनींनो,

या पानावरून आम्ही आपल्याशी नेहमी लागण, बेणे, खोडवा, पाचट आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी बोलतो. या खेपेस विषय थोडा वेगळा आहे. गावातले सार्वजनिक वाचनालय आणि त्याच्याविषयी चार माणसांत, थोडक्या वेळात, नेमके काय बोलावे, हा तो विषय. हा पाठ उसापासून फार लांबचा नाही, हे वाचता वाचता आपल्या ध्यानात येईलच.

विषय निघण्याचे कारण असे. आपल्या कार्यक्षेत्रातल्या एका गावात वाचनालयाची खोली दुसऱ्या कामाला घ्यावी, असा विचार पुढे आला आहे. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तो निघणार आहे. गावाचे नाव आम्ही मुद्दाम लिहीत नाही, कारण आज त्या गावावर आलेली वेळ उद्या कोणत्याही गावावर येऊ शकते. त्या गावचे दोन सभासद ऊसनोंदीच्या कामासाठी शेतकी ऑफिसात आले होते. जाता जाता त्यांनी विचारले, "साहेब, वाचनालय ऱ्हावं असं आम्हाला वाटतंय. पण सभेत उठून बोलायचं काय? आम्हाला काय भाषण येत न्हाई."

प्रश्न साधा होता, पण आम्हाला लगेच उत्तर देता आले नाही. म्हणून हा पाठ.

एका टिंबाचे गाव

आम्ही मूळचे माजरीचे. हे सांगितले की सभासद हमखास विचारतात, "म्हणजे पुण्याजवळचं, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचं?" ते मांजरी. १९७५ साली स्थापन झालेली ती संस्था ऊस पिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आमचे माजरी चंद्रपूर जिल्ह्यात, भद्रावती तालुक्यात आहे. दिल्ली-चेन्नई रेल्वेमार्गावर वर्धा आणि बल्लारशा यांच्या मध्ये ते जंक्शन लागते. तिथून वणी-आदिलाबादकडे फाटा फुटतो. गाव कोळशाच्या खाणींचे. एका टिंबाचा फरक. पण एकीकडे उसाचे संशोधन, दुसरीकडे जमिनीखालचा कोळसा. टिंब वाचता आले नाही तर माणूस भलत्याच गाडीत बसायचा!

लहानपणी आम्ही राहत होतो त्या वस्तीत वाचनाची एक खोली होती. एक लाकडी कपाट, दोन बाकडी आणि तीन वर्तमानपत्रे, एवढाच तिचा संसार. खाणीतून पाळी संपवून आलेली माणसे तिथे टेकत, पेपर चाळत आणि घरी जात. दहावी झाल्यावर पुढे काय करावे हे आमच्या घरात कोणालाच सांगता येत नव्हते. त्याच खोलीतल्या पेपरात आम्ही कृषी तंत्र विद्यालयाच्या दोन वर्षांच्या पदविकेची प्रवेशाची जाहिरात वाचली. शेवटच्या तारखेला चार दिवस उरले होते. ती जाहिरात वाचली नसती, तर आज आम्ही आपल्या बांधावर उभे नसतो.

पुढे शिक्षण चालू असताना सुट्टीत घरी गेलो, तेव्हा त्या खोलीविषयी बैठक भरली होती. एका वडीलधाऱ्या माणसाने विचारले, "काय गा, ह्या खोलीचा कोणाले काही उपयोग होते का? असन त सांगा." कोणी बोलले नाही. आम्ही मागे उभे होतो. आम्हाला वाटले, आपण काय बोलणार, आपल्याला भाषण कुठे येते? मिनिटभर सगळे गप्प राहिले आणि पुढचा विषय निघाला. काही महिन्यांत कपाट हलले आणि खोलीला कुलूप लागले.

त्या दिवशी भाषणाची गरजच नव्हती. "होय जी, माझा उपयोग झाला. याच खोलीत जाहिरात वाचली म्हणून मी शेतकी शिकतो आहे," एवढे म्हटले असते तरी पुरे होते. अर्ध्या मिनिटाचे काम होते. ती चूक आमची स्वतःची आहे आणि तीच या पाठाचे मूळ आहे.

सहकार आणि वाचन यांचे जुने नाते

काही सभासद म्हणतील, कारखान्याच्या माणसाला वाचनालयाची उठाठेव कशाला? त्यांच्यासाठी एक जुना दाखला. १८४४ साली इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी विणकर आणि इतर कारागीर अशा अठ्ठावीस जणांनी एकत्र येऊन सहकारी दुकान काढले. पहिल्या दिवशी विकायला ठेवलेल्या मोजक्या मालात पीठ, लोणी यांच्याबरोबर साखरही होती. आजच्या सहकाराची तत्त्वे त्या दुकानापासून निघाली, असे जगभर मानतात. त्या गरीब माणसांनी पुढे शिलकीतले शेकडा अडीच सभासदांच्या शिक्षणासाठी बाजूला काढायचे ठरवले आणि दुकानाला जोडून वर्तमानपत्रांची खोली व ग्रंथालय चालवले. ज्याला हिशेब वाचता येत नाही त्याची संस्था दुसराच कोणी चालवतो, हे त्यांनी ओळखले होते.

आपल्याकडे प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० साली त्याचे गाळप सुरू झाले. गावोगाव जाऊन, शेतकऱ्यांना पटवून त्यांनी भागभांडवल जमवले. एक शेतकरी आणि एक पुस्तकांत मुरलेला विद्वान, दोघांची ही जोडी होती. तेव्हा पुस्तक आणि ऊस यांचे वैर आहे, असे निदान सहकारातल्या माणसाने तरी म्हणू नये.

बडोद्याचे सयाजीराव गायकवाड नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरात जन्मले. राजे झाल्यावर १९१० पासून त्यांनी आपल्या संस्थानात गावोगाव वाचनालये काढली. गावाने वर्गणी जमवली की तेवढीच रक्कम वरून मिळत असे, आणि जिथे वाचनालय नव्हते तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरत असत. १९३१ साली तेव्हाच्या मद्रास प्रांतात मन्नारगुडीजवळ तर पुस्तकांची बैलगाडीच गावोगाव निघाली. आपण ज्या गाडीतून ऊस वाहिला त्याच गाडीतून तिकडे ग्रंथ गेले!

वाचनालय टिकते कशावर?

बऱ्याच सभासदांचा समज असतो की वाचनालय सरकारी आहे, सरकार बघून घेईल. हा समज दुरुस्त करणे जरूर आहे. आपल्या राज्यात महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ साली झाला. त्यानुसार ग्रंथालय संचालनालय आले आणि मान्यताप्राप्त वाचनालयांना अ, ब, क, ड असा दर्जा पाहून अनुदान मिळू लागले. पण गावातले वाचनालय चालवते ती गावकऱ्यांचीच संस्था. सरकार हात देते, उभे मात्र आपल्यालाच राहावे लागते. तामिळनाडू किंवा कर्नाटकात ग्रंथालयासाठी वेगळा कर लोकांकडून घेतला जातो. आपल्या कायद्यात तसा कर नाही. म्हणजे वाचनालयाचे खरे भांडवल सभासदांची संख्या, रोजची हजेरी आणि गावाची आस्था हेच आहे. आपल्या कारखान्यासारखेच की! ऊस घातला नाही तर कारखाना चालत नाही, आणि वाचक आला नाही तर वाचनालय चालत नाही.

२०१२ साली राज्यभर सर्व अनुदानित वाचनालयांची पडताळणी झाली. त्यात अनेक वाचनालये नुसती कागदावर असल्याचे किंवा नियमाप्रमाणे चालत नसल्याचे दिसून आले. त्यामुळे चांगल्या वाचनालयांकडेही लोक संशयाने बघू लागले. तेव्हा "आमचे वाचनालय खरेच चालते आणि त्याचा अमक्याला असा उपयोग झाला," हे सांगणारी माणसे गावात असणे आज अधिक गरजेचे आहे.

गडचिरोलीचा धडा : वाचलेले बोलण्यातून पसरते

आमच्या जिल्ह्याशेजारी गडचिरोली जिल्हा आहे. १९८२ पर्यंत तो चंद्रपूर जिल्ह्यातच होता. तिथे धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे छोटे गाव आहे. या गावाने अभ्यासगट चालवला. कायदा काय म्हणतो, जंगलावर गावाचा हक्क काय, यावर तिथे वाचन होई, जाणकाराला बोलावून प्रश्न विचारले जात आणि चर्चा चाले. निर्णय मात्र ग्रामसभेत, सर्वांच्या संमतीने. वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली २००९ साली या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला आणि गाव आपला बांबू आपण विकू लागले.

हा दाखला वाचनालयाच्या इमारतीचा नाही. तो वाचलेले बोलण्यातून गावभर नेण्याचा आहे. गावातल्या प्रत्येकाने कायद्याचे पुस्तक वाचले नव्हते. थोड्यांनी वाचले, समजून घेतले आणि साध्या भाषेत बाकीच्यांना सांगितले. एका माणसाने वाचलेले शंभर जणांच्या उपयोगी पडते ते असे. अलीकडच्या वर्षांत त्याच जिल्ह्यात पोलीस दलाने 'एक गाव, एक वाचनालय' हा उपक्रम घेऊन दुर्गम गावांत वाचनालये उघडली आहेत. जंगलातल्या गावाला जर वाचनालयाची गरज पटते, तर बागायती गावाला ती पटू नये याला काय म्हणावे?

बोलण्याची पद्धत : एक डोळा बेणे

आता मुख्य पाठाकडे येऊ. आपण पूर्वी तीन डोळ्यांचे टिपरे लावत होतो. आता एक डोळा पद्धतीने, ठराविक अंतरावर, एकेक डोळा लावतो. बेणे कमी लागते आणि फुटवेही जोमदार येतात. बोलण्याचेही तसेच आहे. एका भेटीत एकच गोष्ट सांगावी. चार पायऱ्या ध्यानात ठेवाव्यात.

१. वाफसा बघा. रान ओले असताना आपण औत घालत नाही. समोरचा घाईत असेल, रागात असेल, तर विषय काढू नये. काट्यावर गाड्यांची रांग, चहाची टपरी, एसटीची वाट, सोसायटीचे ऑफिस, लग्नातली पंगत बसण्याआधीची वेळ, ही वाफशाची ठिकाणे.

२. त्याच्या अडचणीपासून सुरू करा. वाचनालयाचे कौतुक आधी नको. त्याचे काय अडले आहे ते ऐका. ऊस पिवळा पडतोय, मुलगा भरतीची तयारी करतोय, सातबाऱ्यावरची नोंद चुकली आहे. प्रत्येकाची कळ वेगळी.

३. एकच घडलेली गोष्ट सांगा. आपल्या गावातली, खरी आणि आपल्याला माहीत असलेली. ज्याची गोष्ट असेल त्याची परवानगी घ्यावी. तिखटमीठ लावू नये, कारण गावात खोटे फार दिवस टिकत नाही.

४. छोटे निमंत्रण द्या. "कधीतरी या" असे म्हणू नये. "उद्या संध्याकाळी सहाला मी तिथे आहे, या" असे म्हणावे. दिवस आणि वेळ ठरली की माणूस येतो.

या चारही पायऱ्या मिळून दोन मिनिटे लागतात. आता नमुने पाहू.

नमुना पहिला : काट्यावरच्या रांगेत

"तात्या, औंदा ऊस कसा हाय?"

"कसला ऊस! हुमणीनं मुळ्या खाल्ल्या. ठोंबं वाळून चाललीत."

"औषध कधी टाकलं?"

"पिवळा पडल्यावर."

"तिथंच चुकतं, तात्या. वळवाचा पाऊस झाला की भुंगेरे जमिनीतनं वर येत्यात. तिन्हीसांजा कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर बसत्यात. तवाच फांद्या हलवून गोळा करायचे आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचे. एकेक मादी पन्नास-साठ अंडी घालते. एक मारली की तेवढ्या अळ्या टळल्या."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"वाचनालयात शेतकी पुस्तिकांचं कपाट हाय. चित्रासकट दिलंय. उद्या सहाला या, मी दाखवतो. जूनच्या आधी वाचून ठिवा म्हंजे झालं."

इथे वाचनालय हा शब्द शेवटी आला, हे पाहावे. आधी हुमणी, मग पुस्तक. तात्या पुस्तकासाठी येणार नाहीत, हुमणीसाठी येतील. कृषी विभागाचे 'शेतकरी' मासिक आणि कृषी विद्यापीठांच्या पुस्तिका ज्या वाचनालयात आहेत, तिथे हा नमुना हमखास लागू पडतो. नसतील तर त्या मागवाव्यात म्हणून चालकांकडे आग्रह धरावा. तेही आपलेच काम.

नमुना दुसरा : मोबाईलवाला तरुण

"काका, आता सगळं मोबाईलवर मिळतं. वाचनालयात कोण जातंय?"

या प्रश्नावर चिडू नये. मुलगा म्हणतो त्यात तथ्य आहे. "खरं हाय, बाळा," असे म्हणूनच सुरुवात करावी. "पर मागं एकानं मोबाईलवर आलेला निरोप वाचून उसात २,४-डी मारलं. वाऱ्याची दिशा बघितली न्हाई. शेजाऱ्याची कपाशी आकसली. निरोप कुणी लिहिला होता, ते आजवर कळलं न्हाई. छापील पुस्तिकेवर लिहिणाऱ्याचं नाव असतं, जबाबदारी असते. आणि दुसरं म्हंजे, भरतीचा अभ्यास घरात व्हतो का? टीव्ही चालू, पाव्हणे चालू. तिथं दिवा हाय, खुर्ची हाय, शांतता हाय. सोमवारी सकाळी ये, तुझ्यासारखे आणखी दोघं येत्यात."

२,४-डी हे रुंद पानाच्या तणांचे औषध. त्याचे तुषार वाऱ्याने कपाशी, द्राक्षे, भाजीपाला यांवर गेले तर मोठे नुकसान होते, हे सभासदांनी यानिमित्ताने ध्यानात ठेवावे.

नमुना तिसरा : वहिनींचा रोख सवाल

एका बचतगटाच्या बैठकीत एक वहिनी आम्हाला म्हणाल्या, "भाऊजी, वाचनालय चांगलं असतं हो, पण तिथं सगळे बाप्येच बसलेले असतात. आम्ही जायचं कसं?"

या प्रश्नाला उत्तर देण्याची घाई करू नये. तक्रार खरी आहे, ती मान्य करावी. गोड बोलून टाळाटाळ केली तर वहिनी पुन्हा विषय काढणार नाहीत. त्यांना असे म्हणावे, "वहिनी, तुमचं बरोबर आहे. दुपारी तीन ते चार ही वेळ बायकांसाठी ठेवायला आपण चालकांना सांगू. तोवर वीस पुस्तकांची पेटी दर महिन्याला तुमच्या बैठकीत आणू. पेटीत काय पाहिजे ते तुम्हीच सांगा."

सयाजीरावांच्या फिरत्या पेट्यांचीच ही युक्ती आहे. या नमुन्याचा धडा असा की, दोन मिनिटांतले एक मिनिट ऐकण्याचे असते. ऐकताना कळलेली उणीव चालकांपर्यंत पोचवली, तर वाचनालय सुधारते.

नमुना चौथा : सरपंच आणि ग्रामसभा

सरपंचांच्या डोक्यावर गावाचा सगळा भार असतो. खोली मागणारेही गावचेच असतात आणि त्यांची नडही खरी असते. तेव्हा भांडणाचा सूर लावू नये.

"सरपंचसाहेब, दोन मिनिटं बोलतो. एक पेपर घरी घेतला तर एक घर वाचतं, वाचनालयात तोच पेपर चाळीस माणसं वाचतात. गेल्या महिन्याची हजेरीची वही मी आणली आहे, बघा. ह्या वर्षी आपल्या गावातनं भरतीला लागलेली दोन पोरं इथंच बसत होती. ती आज सभेत आहेत, त्यांना विचारा. खोली गेली तर हजेरी बंद पडेल, मग मान्यता आणि अनुदान दोन्ही अडचणीत येईल. एकदा गेलेलं परत आणणं फार जड जातं. ज्या कामाला खोली पाहिजे त्याला दुसरी जागा शोधायला आम्ही पाच जण तुमच्याबरोबर फिरायला तयार आहोत."

इथे चार गोष्टी आल्या : आकडा, माणूस, धोका आणि मदतीचा हात. आकडा आपल्या गावचा खरा असावा. आम्ही वर लिहिलेले चाळीस आणि दोन हे नमुन्यादाखल आहेत. त्यांच्या जागी आपल्या वहीतला आकडा घालावा. वही कोरी असेल, तर सभेत आकडा न सांगितलेलाच बरा. आधी महिनाभर स्वतः जाऊन सही करावी.

नमुना पाचवा : फडातली मुले

ऊसतोडणीच्या टोळ्या येतात तेव्हा त्यांच्याबरोबर लेकरेही येतात. काही ठिकाणी साखरशाळा चालल्या, काही ठिकाणी नाही. मुकादमाशी बोलताना एवढेच म्हणावे, "मुकादम, रविवारी संध्याकाळी कोपीवर गोष्टींची दहा पुस्तकं पाठवतो. पुढच्या रविवारी बदलून नेतो. फाटलं तर फाटलं." पुस्तक फाटण्याची भीती मोठी असते, आणि तीच पुस्तकांना कपाटात कोंडून ठेवते. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रे मांडली. पुस्तक जपून ठेवण्याची नव्हे तर अवजारासारखी हाताळण्याची वस्तू आहे, असा त्यातल्या पहिल्या सूत्राचा अर्थ. कुदळ झिजली तर आपण वाईट मानत नाही, ती कामाला आली असे म्हणतो. पुस्तकाचेही तसेच मानावे.

काय टाळावे?

आमचाच अनुभव सांगतो. एका कार्यक्रमात आम्हाला वाचनाचे महत्त्व सांगायला बोलावले होते. आम्ही ग्रंथ हे गुरू, ग्रंथ हे दीपस्तंभ वगैरे पाऊण तास बोललो. टाळ्या मिळाल्या. दुसऱ्या दिवशी वाचनालयात एकही नवा माणूस आला नाही. त्यानंतर काही दिवसांनी एका सभासदाला बांधावर उभ्याउभ्या हुमणीची पुस्तिका दाखवली, तेव्हा तो शेजाऱ्याला घेऊन वाचनालयात आला. कोणते बी उगवले हे सांगायला नको.

म्हणून चार गोष्टी टाळाव्यात. मोठे शब्द टाळावेत. न वाचणाऱ्याला अडाणी म्हणू नये. वाचता न येणाऱ्या आबांना पेपर मोठ्याने वाचून दाखवणारा माणूस हीसुद्धा वाचनालयाची सेवाच आहे. वाचनालयाचे दोष झाकू नयेत. कुलूप वेळेवर उघडत नसेल तर ते आधी उघडवावे, मग निमंत्रण द्यावे. आणि वाचनालयाच्या गोष्टीत गटातटाचे राजकारण आणू नये. पेपर वाचायला दोन्ही पार्ट्यांची माणसे एकाच बाकड्यावर बसतात, ही त्या खोलीची मोठी मिळकत आहे.

हे गावाला परवडते का?

सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवर भिलार हे स्ट्रॉबेरी पिकवणारे गाव आहे. ४ मे २०१७ पासून ते 'पुस्तकांचे गाव' म्हणून ओळखले जाते. शासनाने पुस्तके दिली आणि शेतकऱ्यांनी आपल्या घरातल्या खोल्या, पडव्या वाचकांसाठी उघड्या केल्या. कोणीही येऊन बसावे आणि वाचावे. हे शेतकऱ्यांनी केले. आपल्याला घर उघडायचे नाही. आहे ती खोली उघडी राहावी, एवढेच म्हणायचे आहे.

स्वाध्याय

सभासदांनी खालील अभ्यास पुढील पंधरवड्यात करावा.

१. वाचनालयातल्या कागदावरून, पुस्तकावरून किंवा पेपरावरून स्वतःचे किंवा ओळखीच्या माणसाचे झालेले एक काम आठवावे. ते तीन वाक्यांत वहीत लिहावे. चौथे वाक्य लिहू नये.

२. ती तीन वाक्ये घरात एकदा मोठ्याने म्हणून पाहावीत. घरची माणसे "मग पुढं काय झालं?" असे विचारू लागली तर गोष्ट जमली असे समजावे.

३. काट्यावर, टपरीवर आणि सोसायटीत अशी तीन ठिकाणी, तीन वेगवेगळ्या माणसांना ती सांगावी. प्रत्येकाला दिवस आणि वेळ सांगून निमंत्रण द्यावे.

४. आठवड्यातून एकदा वाचनालयात जाऊन हजेरीच्या वहीत सही करावी. नुसती सही करून परत फिरू नये. निदान एक पान वाचावे.

५. ज्यांच्या गावात वाचनालयच नाही, त्यांनी गटऑफिसात नाव द्यावे. शेतकी पुस्तिकांची एक पेटी गटऑफिसात ठेवण्याची व्यवस्था आम्ही करू. पेटीची नोंदवही एखाद्या सभासदाने सांभाळावी.

त्या दोन सभासदांना आम्ही हाच पाठ आधी तोंडी सांगितला. त्यांतले एक जण जाताना म्हणाले, "एवढंच बोलायचं? मग बोलतो की!" २६ जानेवारीला ग्रामसभेत काय ठरेल ते आज सांगता येत नाही. पण या वेळी "खोलीचा कोणाला उपयोग होतो का?" असा प्रश्न निघाला, तर निदान दोन माणसे उठून उभी राहतील. आमच्या माजरीच्या बैठकीत एकही उठले नव्हते, आणि त्या न उठणाऱ्यांत आम्ही होतो.

आपल्या गावात अशी वेळ आली तर आपण उठावे, दोन मिनिटे बोलावे आणि खाली बसावे.



आपला,
ऊस विकास अधिकारी